गालाला लावलेली वीट

बातमी आली तेव्हा ताई उभ्याने चहा पीत होती. वाचून झाल्यावर तिने तो चहा सिंकमध्ये ओतून दिला. चहाचा काही दोष नव्हता.

भिंती, विटा आणि चुना यांच्यावर संशोधन करणारे लोक जगात फार नाहीत, आणि जे आहेत त्यांचं नाव घेण्याजोगं त्रैमासिक एकच. त्या त्रैमासिकाने या वर्षीचा उत्कृष्ट परीक्षकाचा सन्मान जाहीर केला होता. परीक्षक म्हणजे, कुणी शोधनिबंध पाठवला की छापण्याआधी तो वाचून त्यातल्या चुका दाखवणारा माणूस. काम फुकटचं, नाव कुठे छापून येत नाही, आणि ज्याच्या चुका काढल्या तो मनातल्या मनात शिव्या देतो ते वेगळंच. म्हणून वर्षातून एकदा एका परीक्षकाला बोलवायचं, टाळ्या वाजवायच्या आणि त्याच्या हातात एक छोटी पितळेची वीट ठेवायची, एवढं कौतुक या मंडळींनी आपल्यापुरतं ठरवून घेतलं होतं.

ती वीट घरात कुठे ठेवायची हे ताईचं कधीच ठरलं होतं. बाहेरच्या खोलीतल्या कपाटावरचा रेडिओ तिने त्यासाठी मागच्याच वर्षी खाली उतरवला होता. त्रैमासिकाकडून आलेला एकही निबंध तिने कधी नाकारला नव्हता. तापात वाचले होते, प्रवासात वाचले होते, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून वाचले होते. तो दाताचा डॉक्टर तिचा सख्खा धाकटा भाऊ होता आणि तरीही तिला नंबर लावायला लावायचा, हा विषय वेगळा.

आणि सन्मान कुणाला? चिमणीला.

चिमणी म्हणजे त्याच धाकट्याची बायको, ताईची भावजय. हे नावही ताईनेच ठेवलेलं. ही मुलगी पहिल्यांदा ताईच्या प्रयोगशाळेत विद्यार्थिनी म्हणून आली, तेव्हा इतकं हळू बोलायची की ओव्हनचा पंखा चालू असला तर काही ऐकूच यायचं नाही. ताईने तिला वीट कशी कापायची ते शिकवलं, ओलावा कसा मोजायचा ते शिकवलं, परीक्षण कसं लिहायचं तेही शिकवलं. एकदा दात दुखतो म्हणून तिला आपल्या भावाकडे पाठवलं. दात राहिला आणि भाऊ गेला. लग्नानंतर चिमणीने आडनाव बदललं नाही आणि नोकरी दुसऱ्या संस्थेत धरली. त्यामुळे या दोघी नात्यातल्या आहेत हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

ताईने लॅपटॉप बंद केला आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. विद्या माझी, भाऊ माझा, आता वीटही हिलाच! आणि हिची परीक्षणं ती कसली? एकदा ताईने वाचली होती. आधी लेखकाचं कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक. चूक दाखवताना जणू हीच माफी मागतेय. ताईच्या परीक्षणाने माणसं ढसाढसा रडायची, एकाने तर विषयच बदलला होता. त्याला परीक्षण म्हणतात.

फोन वाजला. धाकटा होता.

"ताई, कळलं का?"

"कळलं."

"मग?"

"मग काय? छान झालं. अभिनंदन सांग तिला."

"तूच सांग ना, इथेच आहे ती."

"माझे हात खरकटे आहेत," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. हात साबणाचे होते, पण तेवढं खोटं चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपादकांचा फोन आला. संपादक म्हणजे गोड बोलून काम काढून घेणारा माणूस, ताईशी त्यांची जुनी ओळख.

"ताई, यंदा समारंभात तुम्हाला उभं करायचंय."

ताईला वाटलं, काही चूक झाली असेल का जाहीर करण्यात? होतात चुका.

"आभाराचं पत्र वाचायला हो," संपादक म्हणाले. "तुमचं निवडलंय."

त्रैमासिकाची ही रीत होती. इथे लेखकाला परीक्षक कोण ते कळत नाही आणि परीक्षकाला लेखक कोण ते कळत नाही. दोघांची नावं फक्त संपादकांच्या टेबलावर. पण निबंध छापून आल्यावर लेखकाला वाटलंच, तर त्या न पाहिलेल्या परीक्षकाला चार ओळी लिहाव्यात, संपादक त्या पोचवतात. सन्मानाचा निर्णयही अशा पत्रांवरून होतो. समारंभात त्यातलं एक पत्र लेखक स्वतः उभा राहून वाचतो, आणि मग ज्याला ते लिहिलं तो परीक्षक पुढे येतो. लोकांना हा भाग फार आवडायचा.

"माझं कुठलं पत्र?" ताईने विचारलं.

"अहो, क्षार धरलेल्या भिंतींवरचा तुमचा निबंध. परीक्षक क्रमांक दोनला तुम्ही काय सुंदर लिहिलं होतं! आमचा अर्धा निर्णय त्या पत्रानेच झाला."

म्हणजे परीक्षक क्रमांक दोन ही चिमणीच!

त्या परीक्षक क्रमांक दोनवर ताई दोन वर्षं फिदा होती. निबंधातले ओलाव्याचे आकडे कुठेतरी जास्त येत होते आणि का ते शोधायला ती थांबली नव्हती. परीक्षकाने सगळा निबंध वाचून, आवडलेल्या गोष्टी सांगून, शेवटी विचारलं होतं: वाळवलेले नमुने ओव्हनमधून काढल्यावर गार होऊ दिले होते का? गरम वीट तराजूवर ठेवली तर तिच्याभोवतीची हवा वर उठते, पारडं किंचित उचलून धरते आणि वीट आहे त्याहून हलकी भरते. मग भिंत उगाच ओली ठरते. खाली एक ओळ होती, की साधी रीत म्हणजे नमुना गालाला लावून पाहावा, ऊब लागली तर तोलू नये.

गालाची ही रीत ताईचीच. कार्यशाळांमधून तिने ती इतक्या जणांना शिकवली होती की या क्षेत्रातले लोक तिला पाठीमागे 'गालवाल्या ताई' म्हणत. गालाला वीट लावून उभ्या असलेल्या ताईचा एक फोटोही होता, संपादकांच्या ऑफिसात तो भिंतीवर लावलेला होता. त्यामुळे ती ओळ वाचून ताईला शंका आली नाही, उलट मूठभर मांस चढलं. हा परीक्षक दुसरा कोण असणार? ज्याची पुस्तकं वाचून आपण शिकलो तो म्हातारा! त्याशिवाय एवढी नजर कुणाला? आणि म्हाताऱ्यानेसुद्धा आपली रीत उचलली!

ताईने आकडे दुरुस्त केले, निबंध छापून आला, आणि तिने पत्र लिहिलं. तेवढ्यावर थांबली असती तरी बरं होतं. तिने ते परीक्षण भावाकडे जेवायला गेल्यावर पिशवीतून काढून मोठ्याने वाचून दाखवलं होतं. कुणाला? चिमणीला. "ऐक," ताई म्हणाली होती, "याला म्हणतात परीक्षण. चूक दाखवली, पण माणूस मोडला नाही. तू लिहितेस ते गुळमुळीत, आणि हे बघ. शिक काहीतरी." चिमणी ताटात बघत बसली होती. तिचे कान लाल झाले होते. ताईला वाटलं होतं, लागलं वाटतं पोरीला.

"हॅलो? ताई?" संपादक फोनवर म्हणत होते. "आहात ना?"

ताईच्या डोक्यात त्या क्षणी बरंच काही होतं, पण सगळ्यात वर होता तो संताप. बसून ऐकत होती! माझ्या तोंडून स्वतःची तारीफ ऐकत होती, आणि वर भात वाढून घेत होती! घरी दोघं किती हसली असतील! आणि संतापाला धरूनच दुसरी गोष्ट सुचली. ती सुचली आणि तोंडातून बाहेरही पडली.

"नात्यातल्या माणसाचं परीक्षण करू नये असा नियम आहे ना तुमचा?"

"आहे की. का?"

"ती माझी भावजय आहे. सख्ख्या भावाची बायको. पाच वर्षं माझ्या हाताखाली होती. माझं लिहिणं सोडा, माझा स्वल्पविराम ओळखते ती."

मग संपादक हळूच म्हणाले, "हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. खुलासा मागवावा लागेल." आणि फोन ठेवता ठेवता, सहज बोलल्यासारखं, "तसं पाहिलं तर यादीत पुढचं नाव तुमचंच होतं, ताई. अगदी थोडक्यात राहिलात."

फोन ठेवल्यावर ताईने कपाटावरची धूळ पुसली. का पुसली ते तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, धूळ होती म्हणून.

पुढचे काही दिवस तिने स्वतःला समजावण्यात घालवले. खोटं तर काही बोलले नाही. नियम म्हणजे नियम. मला कुणी सवलत दिली होती का कधी? असं सगळं ती अंघोळ करताना, बसची वाट बघताना, विटांवर नंबर टाकताना मनाशी म्हणे. आणि तरी रात्रीचं जेवण गोड लागत नव्हतं. चिमणीचा फोन येईल, रडेल, भांडेल, असं वाटलं होतं. फोन आला नाही. भावाचाही नाही, आणि तो तर दिवसाआड करायचाच.

मग संपादकांचा आला. "खुलासा आलाय. एकच ओळ लिहिली आहे. परीक्षण करताना लेखक कोण हे मला माहीत नव्हतं, बस. मी फोनही केला. म्हटलं, पाच वर्षं जिच्या हाताखाली काढली तिचं काम ओळखलं नाही, हे आमच्या संपादक मंडळाने कसं मानायचं? काहीतरी कारण द्या. तर म्हणाल्या, कारण आहे, पण ते सांगायचा अधिकार माझा नाही. आता यावर काय बोलणार? उद्या सकाळी मंडळाची बैठक आहे. नाव बदलावं लागणार. तुम्ही तयारीत असा, ताई."

हवं ते मिळालं होतं. ताई त्याच संध्याकाळी भावाकडे गेली. का गेली? तोंडाने ती म्हणाली असती की माणुसकी म्हणून. खरं म्हणजे तिला चिमणीचं तोंड बघायचं होतं. ते 'कारण' काय आहे ते ऐकायचं होतं, आणि ते कसं फुसकं आहे हे तिला तिच्याच स्वयंपाकघरात उभं राहून सांगायचं होतं.

दार भावाने उघडलं. एरवी "या बाईसाहेब" म्हणायचा, आज नुसता बाजूला झाला. चिमणी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. ताईला बघून तिने समोरचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बसा, ताई."

ताई बसली नाही. "काय गं, मला एक सांग. तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

चिमणीने बघितलं. "वाचताना नव्हतं माहीत. तुम्ही जेवताना वाचून दाखवलंत, तेव्हा कळलं. हातातला घास हातातच राहिला माझ्या."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"परीक्षकाने आपण कोण ते सांगायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत. आणि..." ती एक शेंग हातात धरून थांबली. "तुम्ही इतक्या खूश होतात. माझ्या लिहिण्यावर तुम्ही कधी खूश झालेल्या मी पाहिल्या नव्हत्या. म्हटलं, ऐकून घेऊ."

ताईला हे कुठेतरी टोचलं, पण ती ऐनवेळी मागे हटणाऱ्यांतली नव्हती. "ते राहू दे. क्षार माझे, भिंती माझ्या, लिहिण्याची पद्धत माझी. पाच वर्षं माझ्याजवळ राहून तू ओळखलं नाहीस? संपादकांना कारण सांगायला तुझी जीभ का अडली?"

चिमणीने पुढची शेंग सोलायला घेतली.

"सांग ना तिला," दारात उभा असलेला धाकटा म्हणाला. "मला सांगितलंस तेच सांग. नाहीतर मी सांगतो."

"तुम्ही नका बोलू मध्ये," चिमणी त्याला म्हणाली. मग ताईकडे न बघता, पूर्वी ओव्हनपाशी उभी राहून बोलायची तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "वाचायला लागले तेव्हा दुसऱ्या पानावरच वाटलं होतं, की हे ताईंचं असावं. परत पाठवून द्यायचं म्हणून मेल लिहायलासुद्धा घेतली. मग आकड्यांपाशी आले. नमुने गरम तोललेत हे दिसत होतं. म्हटलं, मग ताई नव्हेत. कोणीतरी ताईंचं वाचून लिहिणारा असेल. ताई गरम तोलणं शक्यच नाही."

तिने सोललेले दाणे भांड्यात टाकले.

"हे मी संपादकांना कसं सांगू?" चिमणी म्हणाली. "तुमचा फोटो आहे त्यांच्या भिंतीवर."

ताई स्टुलावर बसली. कुणीतरी थोबाडीत मारली असती तर तिने उलट एक दिली असती, पण याला काय उलट देणार? मटाराचे दाणे भांड्यात पडत होते आणि ती ते बघत राहिली. तिला तो दिवस चांगला आठवत होता. ओव्हनमधून ट्रे काढला होता, हातमोज्यातूनही चटका बसत होता, आणि तिने एकही वीट गालाला लावली नव्हती, कारण लावली असती तर थांबावं लागलं असतं.

"घाई होती," ती अखेर म्हणाली.

"कसली?" धाकट्याने विचारलं.

"हिची. त्याच विषयावर ही परिषदेत बोलणार होती. मला आधी छापून यायला हवं होतं."

चिमणीने मान वर केली. "मला तुम्ही म्हणाला असतात तर मी थांबले असते, ताई."

"म्हणूनच नाही म्हटलं!" ताई उसळून म्हणाली. "तू थांबली असतीस! हेच तर मला सहन होत नाही तुझं."

धाकटा हसला, मग बहिणीचं तोंड बघून गप्प झाला. ताईने पर्समधून फोन काढला आणि संपादकांचा नंबर लावला. लावताना तिच्या डोळ्यांसमोर कपाटाची रिकामी जागा स्वच्छ दिसत होती. अजूनही ठेवून देता येईल, असं एक मन म्हणत होतं. पलीकडून आवाज आला.

"बोला, ताई."

"तुमच्या मंडळाला हवं होतं ते कारण देते," ताई म्हणाली. "लिहून घ्या. त्या निबंधातले नमुने गरम तोलले होते."

"ते परीक्षणात आहेच की. तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा, असंच धरलं होतं आम्ही."

"विद्यार्थी नव्हता कोणी. मी तोलले, माझ्या हाताने. म्हणून तिने मला ओळखलं नाही. गालवाल्या ताई गरम तोलतील असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तुमच्या आलं असतं?"

पलीकडे संपादक मान वळवून भिंतीवरच्या फोटोकडे बघत असणार.

"हे... मंडळासमोर सांगायचं?" त्यांनी विचारलं.

"नुसतं मंडळासमोर कशाला? पत्राच्या आधी मीच सांगते सभागृहात. पत्र वाचायचंय ना मला?"

फोन ठेवल्यावर चिमणी काहीतरी बोलायला गेली. "एक शब्द बोलू नकोस," ताई म्हणाली. "आभार मानलेस तर उठून जाईन. दे ते मटार इकडे."

समारंभाला नेहमीपेक्षा जास्त लोक आले होते. बातमी फुटली असणार. ताईने उभं राहून सांगितलं: नमुने मी गरम तोलले, परीक्षक माझी भावजय आहे, आणि तिने मला का ओळखलं नाही ते असं असं आहे. मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. तिच्या परीक्षणाने विषय बदललेला तो माणूस तिथेच बसला होता, त्याच्या तोंडावरचा आनंद तर लपत नव्हता. ताईचे कान तापले, पण तिने चष्मा लावला आणि पत्र वाचायला घेतलं.

पत्रात शेवटी एक वाक्य होतं. ते ती कधीच विसरली नव्हती, आणि गाळावं की काय हा विचार गाडीत बसल्यापासून चालला होता. ते तिने म्हाताऱ्यासाठी लिहिलं होतं. घसा खाकरून तिने वाचलं, "आपण कोण आहात मला ठाऊक नाही, पण उमेदीच्या वयात आपल्या हाताखाली शिकायला मिळालं असतं, तर मी आज आहे त्याहून बरी शास्त्रज्ञ झाले असते."

सभागृह हसलं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या आणि चिमणी पुढे आली. टाळ्या थांबेनात. ताई बाजूला उभी राहून त्या ऐकत होती, आणि उगाच कशाला खोटं बोला, प्रत्येक टाळी तिला टोचत होती. आपल्याला एवढ्या कधी पडल्या नाहीत, आता पडणारही नाहीत, हे तिला नीट कळत होतं.

संपादकांनी पितळेची वीट चिमणीच्या हातात दिली. चिमणीला रुमाल काढायचा होता, डोळे भरून आले होते तिचे. तिने वीट ताईकडे दिली. "जरा धरा, ताई."

ताईने ती दोन्ही हातांत घेतली आणि काय करतोय हे लक्षात यायच्या आत, जन्मभराच्या सवयीने, गालाला लावली. या वेळी सगळं सभागृह हसलं, चिमणीसुद्धा, रुमालाआडून. वीट गार होती, वाटली होती त्याहून चांगली जड होती, आणि तिची नव्हती.

चिमणीचं नाक पुसून होईपर्यंत ताईने ती गालाला तशीच धरली, आणि मग देऊन टाकली.